छायामैदानातलं बोट

पडद्यावर दहा हजारावा सामना संपला तेव्हा नागपूरच्या क्रीडागणन केंद्रात सकाळचे दहा वाजले होते आणि डॉ. हेमांगी वैरागडेचा चहा तिसऱ्यांदा गार झाला होता. एवढे सामने खेळायला छायामैदान या तिच्या यंत्राला तीन तास लागले. खऱ्या पोरांनी रोज एक सामना खेळायचा म्हटलं असतं तर सत्तावीस वर्षं लागली असती, आणि तोवर ती पोरं पोरं राहिली नसती.

निकालाची ओळ खाली सरकली. हेमांगीने ती दोनदा वाचली. आता हे सरांना सांगायचं कसं, हा प्रश्न तिसऱ्यांदा वाचून सुटणार नव्हता.

सर म्हणजे नामदेव बारापात्रे. वय एकाहत्तर, पाचपावलीतल्या एका लहानशा बास्केटबॉल क्लबचे प्रशिक्षक. त्याआधी सव्वीस वर्षं ते राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत होते, आणि सतरा वर्षांच्या हेमांगीच्या हातात चेंडू देऊन "आता चौघींचे डोळे तुझ्याकडे आहेत, तू आपले त्यांच्याकडे ठेव" असं त्यांनीच सांगितलं होतं. पुढे हेमांगी गणिताकडे वळली आणि तिने छायामैदान उभं केलं. अकरा वर्षांपूर्वी त्या छायामैदानाचा पहिला अहवाल निघाला, तो नेमका सरांवर. प्रबोधिनीला ठरवायचं होतं की सरांना ठेवायचं की नवा प्रशिक्षक आणायचा. हेमांगीने सर असताना आणि सर नसताना असे हजारो सामने खेळवले. उत्तर आलं : फरक शून्य. महिन्याभरात सरांची नेमणूक संपली. अहवालावर सही हेमांगीची होती.

सरांनी त्याबद्दल तिला कधी एका शब्दाने विचारलं नाही. दर दसऱ्याला ती त्यांच्याकडे सोनं द्यायला जायची, सर तिला चिवडा खायला लावायचे, आणि तो अहवाल दोघांच्या मधल्या स्टुलावर चिवड्याच्या ताटलीशेजारी बसलेला असायचा. निदान हेमांगीला तरी तो दिसायचा.

आज पुन्हा तिच्या यंत्राला सरांच्या माणसावर बोलायचं होतं.

वीस वर्षांखालच्या राज्य संघात बारा जागा. अकरा ठरल्या होत्या. बाराव्या जागेसाठी सरांच्या क्लबमधला प्रज्योत मेश्राम हे नाव आलं होतं, आणि त्याच्यासमोर सहा फूट सहा इंच उंचीचा एक मुलगा होता, ज्याच्याबद्दल कुणाला वाद घालायची गरजच वाटत नव्हती. प्रज्योत तुमसरचा. पुढच्या महिन्यात वीस पूर्ण. या वेळी नाव आलं नाही तर सोमवारपासून तो वडील काम करतात त्या मँगनीजच्या खाणीत फिटरचा उमेदवार म्हणून रुजू होणार होता. नोकरीत वाईट काही नव्हतं. पण तिथून सर्वांत जवळचं बास्केटबॉलचं मैदान पस्तीस किलोमीटरवर होतं.

निवड समितीचे अध्यक्ष अरविंद उमाळकर बैठकीच्या खोलीत आधीच येऊन बसले होते. स्वतः एके काळी देशासाठी खेळलेला साडेसहा फुटी माणूस. खुर्चीत बसले तरी उभे असल्यासारखे वाटायचे. सर त्यांच्यासमोर बसले होते. आपल्या खेळाडूची बाजू मांडायला प्रत्येक प्रशिक्षकाला बोलावण्याची समितीची पद्धत होती.

"डॉक्टर, आधी यंत्राचं म्हणणं सांगा," उमाळकर म्हणाले.

"आधी यंत्र काय करतं ते सांग," सर म्हणाले. "मी अडाणी आहे असं समजून सांग, म्हणजे या अरविंदालाही समजेल."

उमाळकर हसले. सरांचं बोलणं त्यांनी चाळीस वर्षं ऐकलं होतं.

हेमांगीने सांगायला सुरुवात केली. "सर, प्रत्येक खेळाडूची आम्ही एक छायाप्रत बनवतो. मागच्या चाळीस सामन्यांत तो कसा धावला, कधी कुठे बघितलं, दम लागल्यावर काय केलं, हे सगळं छतावरचे कॅमेरे टिपतात. त्यावरून त्याची प्रत तयार होते आणि ती त्याच्यासारखीच खेळते. मग दोन संघांच्या प्रती छायामैदानावर सोडायच्या. दहा हजार सामने. त्यानंतर आपल्याला जो खेळाडू तपासायचा आहे तेवढा काढायचा आणि त्याच्या जागी कोरा खेळाडू ठेवायचा."

"कोरा म्हणजे?"

"या वयाचा अगदी सरासरी मुलगा. ना गुण ना दोष. बाकी चौघं तेच. पुन्हा दहा हजार सामने. दोन निकालांतला फरक म्हणजे त्या खेळाडूची किंमत. त्याचे गुण जड की दोष जड, ते त्यात उघड होतं."

"मग काय निघालं?"

हेमांगीने आकडे वाचले. "प्रज्योत असताना तुमचा संघ दहा हजारांतले पाच हजार सहाशे चार सामने जिंकतो. कोरा खेळाडू असताना पाच हजार सहाशे एकाहत्तर."

सरांनी दोन्ही आकडे तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हटले.

"म्हणजे कोऱ्या कागदापेक्षा माझा पोट्टा वाईट," सर म्हणाले.

"सर, मी असं..."

"तू नाही ना म्हणून राहिली बाई. तुझं यंत्र म्हणून राहिलं."

उमाळकरांनी समोरचा कागद ओढला. "बारापात्रे सर, रागवू नका, पण यंत्र नसतं तरी मी हेच म्हणालो असतो. उंची पाच फूट आठ. उडी बेताची. डावा हात म्हणजे जेवताना मांडीवर ठेवतात तसा, आहे म्हणायला आहे. या पातळीवर समोरचा बचाव त्याला दोन मिनिटांत उजव्या बाजूला कोंडून टाकेल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पास द्यायला उशीर. माणूस मोकळा दिसल्यावर हा पोरगा सरासरी चार दशांश सेकंद चेंडू धरून ठेवतो. चार दशांश! तेवढ्यात समोरचा चहा पिऊन येतो."

"चेंडू गमावतो का?" सरांनी विचारलं.

"नाही, ते खरं. सामन्यात जेमतेम एकदा. नजर चांगली आहे, कबूल. दम आहे. पंचाशी भांडत नाही. पण गुणांचं पारडं कुठवर खाली जाणार? आणि ते तुमच्या क्लबचं बोट दाखवणं. बास्केट झाली की मागे पळायचं सोडून हे पोट्टे आधी बोट वर करतात. मूर्ती लहान आणि आरती मोठी."

हेमांगीला हसू आलं. ते बोट तिच्याही अंगात सहा वर्षं होतं. सरांचा तो एकच नियम कधी बदलला नाही : बास्केट टाकली की आधी पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं, मग पळायचं. जग चूक दाखवायला बोट उचलतं, आपण उपकार दाखवायला उचलू, असं ते म्हणायचे. एकदा तिने त्यांना अडवायचं म्हणून विचारलं होतं, "सर, मी एकटीच सगळ्यांना चुकवून गेले, कुणी पासच दिला नाही, तर बोट कुणाकडे?" सर म्हणाले होते, "शोध. कोणीतरी असतंच."

"ते बोट छायामैदानाच्या पडद्यावर दिसत नाही," ती म्हणाली. "घाम पुसणं, बनियन ओढणं, बोट दाखवणं, खेळावर परिणाम न करणाऱ्या अशा हालचाली आमची गाळणी पडद्यावरून काढून टाकते. चित्र स्वच्छ राहतं."

"बरं करते," उमाळकर म्हणाले.

सरांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्या चार दशांशाचं पोट्ट्यालाच विचारा ना. बाहेर बसून आहे."

प्रज्योत आत आला. उमाळकरांकडे बघायला त्याला मान बरीच वर करावी लागली. त्याने समोरच्या खुर्चीच्या कडेवर बूड टेकवलं.

"पास द्यायला काहून थांबतो रे तू?" सरांनी विचारलं.

प्रज्योत गोंधळला. आपण थांबतो हे त्याला ठाऊकच नसावं. मग विचार करून म्हणाला, "त्याचे पाय टेकले पाहिजे ना सर."

"कोणाचे?" हेमांगीने विचारलं.

"ज्याला द्यायचा त्याचे, मॅडम. तो पळत येऊन राहिला असते. पाय हवेत असताना चेंडू दिला तर तो घेते, पण टाकते वाकडा. पाय टेकले, हात वर आला, की सोडायचा." तो जरा थांबला. "बाबा खाली खड्ड्यात उतरून मशीन खोलतात, तेव्हा मी वरून पाना देतो. ते म्हणतात, माझी मूठ बंद झाल्याशिवाय सोडू नको. नाहीतर पाना पायावर पडते."

उमाळकरांनी मान हलवली. चांगल्या मुलाला नाही म्हणताना माणसं हलवतात तशी. "बाळा, तुझं बरोबर आहे. पण वरच्या पातळीवर तेवढा वेळ कुणी देत नाही."

यादी उद्या संध्याकाळी जायची होती. हेमांगीने उद्या दुपारपर्यंत वेळ मागितला. का मागितला, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. पाना पायावर पडतो, हे वाक्य मात्र तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

जेवण झाल्यावर तिने कोऱ्या खेळाडूचे सामने उघडले. तिला एकच बघायचं होतं : प्रज्योत नसताना बाकीच्यांचे पाय हवेत असतात का? तसं असेल तर पोराच्या थांबण्याला अर्थ होता.

तसं नव्हतं. सरांच्या क्लबचे चौघेही वेळेआधी जागेवर पोचत होते, पाय रोवत होते, हात वर करून चेंडूची वाट बघत होते. कोऱ्या खेळाडूने कसाही पास दिला तरी ते तयार असत. मग प्रज्योतने थांबायची गरजच काय? उमाळकर बरोबर होते, यंत्र बरोबर होतं. हेमांगीला वाईट वाटलं. तिने पडदा बंद करायला हात पुढे केला.

आणि केवळ जुन्या मायेपोटी, सरांच्या पोरांचं ते बोट एकदा बघावं म्हणून, तिने गाळणी काढली.

एका छायाखेळाडूने उजव्या कोपऱ्यातून आलेला चेंडू घेतला, टाकला, बास्केट झाली. त्याने बोट वर केलं. उजवीकडे नाही. डावीकडे.

तिने सामना मागे नेला. चेंडू उजवीकडून आला होता. पास कोऱ्या खेळाडूने दिला होता आणि तो उजवीकडे उभा होता. बोट मात्र डावीकडच्या रेषेजवळ, जिथे कुणीच नव्हतं, तिथे गेलं होतं. दुसरी बास्केट. दुसरा खेळाडू, बोट पुन्हा तिथेच. पुढचा सामना. तिथेच. चौघेही दर वेळी बोट वर करून एका रिकाम्या जागेचे आभार मानत होते.

खऱ्या सामन्यांत त्या जागी प्रज्योत उभा असायचा.

हेमांगी खुर्चीत मागे टेकली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. या चौघांच्या प्रती तिने मागच्या चाळीस सामन्यांवरून बनवल्या होत्या, आणि त्या चाळीसही सामन्यांत प्रज्योत त्यांच्याबरोबर होता. छायामैदानातून तिने त्याचं शरीर काढलं होतं. त्याने चौघांत जे घातलं होतं ते तसंच राहिलं होतं. ते पाय रोवणं, तो वर आलेला हात, चेंडू येणारच हा विश्वास, यातलं काहीच कोऱ्या खेळाडूला मिळवावं लागलं नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा बसला होता आणि यंत्राने त्या नागोबाला शाबासकी दिली होती.

ही चूक खेळाच्या मैदानावरचा साधा माणूस करणार नाही. ती करायला, माणूस काढून घेतला की त्याचं सगळंच निघतं, अशी समजूत असावी लागते, आणि ती समजूत फक्त हेमांगीच्या धंद्यात सापडते. वर गाळणी लावून तिने पुरावाही झाकला होता.

प्रज्योत क्लबमध्ये आला त्याला दीड वर्ष झालं होतं. त्याआधीचे सामने साठ्यात होते. ते काढले. तेच चौघे, पण पाय हवेत, हात कमरेशी, चेंडू आला तर आला. त्या सामन्यांवरून तिने चौघांच्या नव्या प्रती बनवल्या, आणि या वेळी एक गोष्ट जास्त केली. आजवर तिच्या छायाप्रती गोठलेल्या असत, जशा बनल्या तशाच शेवटपर्यंत. या प्रतींना तिने शिकायची मुभा दिली. कोणाबरोबर खेळल्यावर किती बदलायचं, ते तिने चौघांच्या दीड वर्षाच्या नोंदींवरूनच बसवलं. त्यांना तिने शिकत्या प्रती म्हटलं आणि यंत्र चालू करून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत तेच तिघे होते.

"कालचा माझा निष्कर्ष चुकीचा होता," हेमांगी म्हणाली. तिने बोटांची ती चित्रफीत आधी दाखवली. उमाळकर एकदा हसले, दुसऱ्यांदा पुढे वाकले, तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"प्रज्योत यायच्या आधीचे चौघे आणि कोरा खेळाडू," ती पुढे म्हणाली, "जिंकतात तीन हजार नऊशे बारा. त्याच चौघांत प्रज्योत घातला, तर पहिल्या दिवशी जवळजवळ काहीच होत नाही. उलट त्याच्या थांबण्याने नुकसान होतं. पण मग ते चौघं शिकायला लागतात. चेंडू आपल्या वेळेवर येतो हे अंगात मुरतं. वर्षभराने आकडा पाच हजार सहाशेवर जातो. सतराशे सामने, उमाळकर सर. एवढी किंमत मी कुठल्याच खेळाडूची पाहिलेली नाही, तुमच्या त्या सहा फूट सहाच्या पोराचीही नाही."

"वर्षभराने," उमाळकर म्हणाले. "माझ्याकडे तीन आठवडे आहेत. नव्या अकरा पोरांना हा शिकवणार कधी?"

"ते पाहिलं मी. राज्य संघातल्या अकरा जणांच्याही शिकत्या प्रती केल्या. नवव्या सरावानंतर फरक पडायला लागतो. तुमच्या शिबिरात सराव किती?"

"एकवीस."

"मग बारा सराव वरकड आहेत."

उमाळकरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "डावा हात मात्र डावाच राहणार."

"राहणार. उंचीही वाढणार नाही. त्याचे दोष त्याच्या अंगावर आहेत म्हणून आपल्याला दिसतात. गुण बाकीच्या चौघांच्या अंगावर आहेत."

उमाळकरांनी पेन काढलं, यादी समोर घेतली आणि अर्धवट थांबले. "डॉक्टर, एक सांगा. वर्षभर हा पोरगा खेळला, सगळे शिकले. मग आज आपण ज्याला पास केलं त्याला यंत्र पुन्हा काय म्हणेल?"

"तेही चालवून पाहिलं. वर्षानंतर त्याला काढलं तर संघ पाच हजार सहाशे त्र्याहत्तर सामने जिंकतो. म्हणजे कालचाच आकडा, दोन सामन्यांच्या फरकाने. काल यंत्राने आकडा खोटा दिला नव्हता. आपण वाचला चुकीचा. तो नको आहे असं नव्हतं, त्याचं काम झालं आहे असं होतं. असा माणूस जितका चांगला, तितका लवकर त्याच्या असण्या-नसण्यातला फरक शून्य..."

ती तिथेच थांबली. 'फरक शून्य' हे शब्द तिने स्वतःच्या तोंडून ऐकले.

सर टेबलाकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. उमाळकरांनी यादीत बारावं नाव लिहिलं, सही केली आणि "या पोराला आता माझ्याकडे मान वर करून बघायची सवय करावी लागेल" असं काहीतरी म्हणाले. हेमांगीने ते नीट ऐकलं नाही. प्रज्योत बाहेर बाकावर होता. सरांनी दारातूनच त्याला सांगितलं. तो सरांच्या पायाशी वाकला, उठला, हेमांगीच्या पायाशी वाकला, आणि मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. त्याने तुमसरला फोन लावला तेव्हा पलीकडून खाणीचा भोंगा ऐकू येत होता, आणि "काय म्हणतं? मोठ्यानं बोल!" असं ओरडणारे त्याचे वडील.

हेमांगी खाली साठ्याच्या खोलीत गेली. अकरा वर्षांपूर्वीचा पहिला प्रयोग तिने उघडला.

त्या प्रयोगात प्रबोधिनीच्या मुलींच्या संघाच्या छायाप्रती होत्या. सगळ्या मुली सरांच्या हाताखालच्या. त्यांच्यात एक प्रत तिची स्वतःची होती, वीस वर्षांच्या हेमांगीची, जुन्या चित्रणांवरून बनवलेली. 'प्रशिक्षक नसताना' या विभागात मैदानाबाहेरची सरांची खुर्ची तिने रिकामी ठेवली होती आणि सामने खेळवले होते. मुली तशाच खेळल्या. म्हणून फरक शून्य. सहा वर्षं ज्या माणसाने त्यांना घडवलं, त्याला खुर्चीतून उठवून तिने विचारलं होतं की आता काही कमी पडतंय का?

तिने गाळणी काढली.

वीस वर्षांची हेमांगी मधूनच सुटली, दोघींना चुकवून एकटी आत घुसली आणि चेंडू टाकला. कुणी पास दिला नव्हता. तरी तिने मागे वळून बोट वर केलं. मैदानाबाहेर. रिकाम्या खुर्चीकडे.

पुढच्या सामन्यातही तेच. त्याच्या पुढच्याही. सही करणाऱ्या हाताला जे ठाऊक नव्हतं ते त्याच हाताचं बोट हजारो वेळा सांगत होतं, आणि तिने ते नको असलेली हालचाल म्हणून पुसून टाकलं होतं. हेमांगी तिथे बसून रडली. लाज वाटून रडली, पण नुसत्या लाजेने नाही. आपल्यासाठी एवढं कुणी केलं होतं हे इतक्या वर्षांनी मोजून कळल्यावर माणसाला जसं भरून येतं, तसं तिला आलं होतं.

रविवारी सकाळी ती पाचपावलीच्या मैदानावर गेली. एका बाजूला जुनी भिंत, भिंतीवर एक गंजलेली लोखंडी रिंग, जाळी केव्हाच गेलेली. सर दगडावर बसून पोरांचा सराव बघत होते. शिबिराला निघायच्या आधीचा प्रज्योतचा इथला हा शेवटचा दिवस होता.

"सर, अकरा वर्षांपूर्वीचा माझा अहवाल," तिने उभ्या उभ्याच सुरुवात केली, कारण बसली असती तर बोलता आलं नसतं. "तो चुकीचा होता. मी प्रबोधिनीला लेखी कळवणार आहे. तुमचं..."

"काहीच कळवू नको," सर म्हणाले. "बरोबर होता तो."

"सर, शून्य लिहिलं होतं मी."

"मग? मी नसलो तरी माझ्या पोरी तेवढंच खेळतात, असं लिहून देते का कोणी प्रशिक्षकाला? सव्वीस वर्षांत एकानं नाही दिलं. तू दिलं, ते पण गणितानं. घरी कपाटात आहे तो कागद. बायकोच्या फोटोखाली."

"पण त्यांनी तुम्हाला काढलं."

"त्यांना वाचता नाही आला. तुलाही नाही आला तेव्हा." सर हसले. "मला वाईट वाटलं नाही असं नाही. महिनाभर इकडे-तिकडे फिरून राहिलो. मग इथं आलो. नसतो आलो तर हा प्रज्योत कोणाला भेटला असता?"

हेमांगीने डोळे पुसले. "दर दसऱ्याला सांगायचं ठरवून यायचे मी."

"माहीत आहे ना. म्हणून तर चिवडा द्यायचो. तोंड भरलेलं असलं की माणूस नको ते बोलत नाही."

ती हसली. रडता रडता हसताना माणूस दिसतो तशीच वेडीविद्री दिसत असणार, पण तिला त्याची पर्वा नव्हती. त्या भिंतीवरच्या रिंगेकडे बघत तिने विचारलं, "ही अजून काढली नाही?"

"हेडाऊ मास्तरनं ठोकली ती. हातमागावर बसायचे, शाळेत मास्तर नव्हते कधी, पण आम्ही मास्तरच म्हणायचो. कुठून तरी चेंडू आणला आणि आम्हा विणकरांच्या पोट्ट्यांना म्हणाले, टाका यात. मला मैदान हे त्यांनीच दाखवलं."

"मॅडम!" मैदानातून प्रज्योतने हाक मारली. "एक टाकून बघा ना!"

"अरे, वीस वर्षं झाली मला खेळून."

"या ना. मी देतो."

तिने पदर खोचला आणि रेषेजवळ गेली. प्रज्योतच्या हातात चेंडू होता. ती अजून सावरत होती तोवर त्याने दिला नाही. तिने पाय नीट रोवले, हात वर आला, आणि त्याच क्षणी चेंडू तिच्या हातात होता, जणू आधीपासून तिथेच असावा. तिने टाकला. तो रिंगेवर दोनदा आपटला, एकदा फिरला आणि आत पडला.

तिचं बोट आपोआप प्रज्योतकडे गेलं. प्रज्योतने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्याचं बोट दगडावर बसलेल्या सरांकडे होतं. मैदानावरची बाकीची पोरंही थांबली होती, आणि एकेक बोट सरांकडे वळत होतं.

सर गडबडले. त्यांनी तोंड फिरवलं, आपल्याला नाही, दुसऱ्याच कुणाला म्हणताहेत असं दाखवत मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. सरांनी त्या गंजलेल्या रिंगेकडे थोडा वेळ पाहिलं, आणि मग हळूच आपलं बोट वर केलं.